घोळणा फुटला तर मुलाचं डोकं मागे करू नका

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात आपल्या पेपरात उन्हाळ्यात घ्यायच्या काळजीबद्दल अर्धं पान मजकूर आला होता. ऊन लागलं तर काय करावं, घामोळ्यांना काय लावावं, पाणी किती प्यावं, हे सगळं चांगलं लिहिलं होतं. खाली उजव्या कोपऱ्यात घोळणा फुटण्याबद्दल, म्हणजे नाकातून रक्त येण्याबद्दल, चार ओळी होत्या. मुलाला उताणं झोपवावं, डोकं मागे करावं, टाळूवर गार पाणी मारावं, कांदा फोडून हुंगायला द्यावा. अंगातली उष्णता उतरली की रक्त आपोआप थांबतं, असं त्यात होतं. त्या ओळी मी पुन्हा पुन्हा वाचल्या आणि मशिनीवरचं काम तसंच सोडून हे पत्र लिहायला बसले. पेपरला पत्र लिहायची माझी ही पहिलीच वेळ. लांबलं तर आपण काटछाट करालच, पण डोकं मागे करू नये हा भाग तेवढा राहू द्या.

मी बार्शीत घरी शिवणकाम करते. ब्लाउज, परकर, शाळेचे युनिफॉर्म. मला दोन मुलं. थोरला नववीत, तब्येतीनं ठणठणीत. धाकटी लेक दहाव्या वर्षात आहे आणि तिला फॉन विलेब्रांड नावाचा जन्मजात आजार आहे. यात रक्त वेळेवर गोठत नाही. या आजाराचे तीन प्रकार आहेत, तिचा तिसरा, सगळ्यात कडक. पहिली सहा वर्षं तिचा घोळणा किती वेळा फुटला याची मोजदाद मी ठेवली नाही, कारण हा आजार आहे हेच कुणाला माहीत नव्हतं. त्यानंतरची वही माझ्याकडे आहे. एकट्या मागच्या वर्षाच्या पानांवर 61 तारखा आहेत.

खरं तर पहिली खूण ती तीन महिन्यांची असतानाच दिसली होती. सोनाराला घरी बोलावून कान टोचले. इतर मुलींच्या कानाला हळद लावली की काम भागतं. हिच्या उजव्या पाळीतून दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत रक्त झिरपत होतं. सोनार म्हणाला, शीर लागली असेल. पुढं लसीचं इंजेक्शन दिलं की मांडीवर लिंबाएवढी काळीनिळी गाठ यायची, ती पंधरा पंधरा दिवस जायची नाही. रांगायला लागली तसे गुडघ्यांवर, कपाळावर डाग. "पोरीला मारतेस का गं?" असं शेजारच्या एकीनं तोंडावर विचारलं होतं. आणि दीड वर्षाची झाल्यापासून नाक. उन्हाळ्यात फुटायचं, थंडीच्या दिवसांत पहाटे फुटायचं, सर्दी झाली की फुटायचं, झोपेत फुटायचं. सकाळी उशीचा अभ्रा चिकटून बसलेला असायचा.

आमच्याकडे या सगळ्याला एकच नाव होतं, उष्णता. पोरगी उष्ण प्रकृतीची आहे. माझ्या सासूबाई म्हणजे माझी सख्खी आत्या. त्यांनी नातीसाठी काय नाही केलं! दूर्वा वाटून नाकात रस सोडला, डाळिंबाची फुलं आणायला मळ्यापर्यंत चालत गेल्या, सब्जा, गुलकंद, मोरावळा, धण्याचं पाणी, सगळं झालं. रात्र रात्र तिला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसल्या. त्यांना नावं ठेवायला मी हे लिहीत नाही. बहुतेक मुलांचा घोळणा किरकोळच असतो, पाच-दहा मिनिटांत रक्त आपसूक थांबतं. त्या वेळात कांदा हुंगवलेला असतो, म्हणून कांद्यानं थांबलं असं पिढ्यान्‌पिढ्या वाटत आलंय. पण ज्या मुलाचं थांबत नाही, त्याच्या घरात हीच समजूत वर्षानुवर्षं खाऊन टाकते. आमची सहा वर्षं गेली.

ती पहिलीत असताना शाळेत घोळणा फुटला. बाईंनी दोन बाक जोडून तिला उताणं झोपवलं, डोकं मागे केलं, कपाळावर ओला रुमाल ठेवला. आपल्या पेपरात छापलंय तेच त्यांनी केलं, आणि मायेनं केलं. नाकातून रक्त दिसेनासं झालं, तसं सगळ्यांना वाटलं थांबलं. ते थांबलं नव्हतं, मागच्या बाजूनं घशात उतरून पोटात जात होतं. तासाभरानं मी पोचले तेव्हा लेक पांढरीफटक पडली होती. "आई, मळमळतंय" एवढंच म्हणाली. रिक्षात चढवताना तिला उलटी झाली, काळपट, गाठीगाठींची. माझा पदर भरला, रिक्षाचं सीट भरलं. रिक्षावाले दादा घाबरून म्हणाले, "ताई, पोरीनं काही विषारी तर नाही ना खाल्लं?" कुणाला सुचलंच नाही की हे नाकाचंच रक्त आहे. मलाही नाही.

त्या दिवशी तिचं हिमोग्लोबिन 6.8 निघालं. पहिली-दुसरीतल्या मुलाचं ते साडेअकरा तरी हवं असतं. नाकात पट्टी भरली, दोन दिवसांनी काढताना खपली निघाली आणि पुन्हा वाहायला लागलं. तेव्हा दवाखान्यातल्या कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी खुर्ची ओढून आमच्यासमोर बसून विचारायला सुरुवात केली. कान टोचल्यावर काय झालं होतं? दुधाचा दात पडला तेव्हा रक्त किती वेळ आलं? लस दिली की गाठ यायची का? घरात आणखी कुणाला असं आहे का? तुमचं लग्न नात्यात झालंय का? सहा वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी नाक सोडून बाकीच्या मुलीबद्दल विचारत होतं. त्यांच्या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर आमच्याकडे होतं, फक्त आधी कुणी विचारलं नव्हतं.

त्यांनीच विचारलं, ही माती किंवा खडू खाते का? त्याआधी वर्षभर ती पाटीची पेन्सिल खात होती. डब्यातली पेन्सिल आठवड्याला संपायची. मी तिला त्यावरून मारलंय. अंगातलं लोह संपलं की मुलांना असलं काहीतरी खावंसं वाटतं, हे मला त्या दिवशी कळलं. ते मारलेलं मला अजून आठवतं.

तपासणीसाठी मुंबईला जायला सांगितलं. रक्त गोठण्याच्या काही तपासण्या ताज्या रक्तावरच कराव्या लागतात, नमुना बाटलीत घालून पाठवून भागत नाही. बार्शीहून एसटीनं कुर्डुवाडी, तिथून रात्रीची सिद्धेश्वर, पहाटे दादर, तिथून परळ. केईएमच्या आवारात नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजी ही रक्ताच्या आजारांची केंद्र सरकारची संस्था आहे. तिथं आजाराला नाव मिळालं. आम्ही नवरा-बायको बाहेरच्या बाकावर बसून तो कागद कितीतरी वेळ धरून होतो. नाव कळल्यावर खरं सांगते, आधी रडू आलं आणि मग हायसं वाटलं.

हा आजार काय आहे ते मला डॉक्टरांनी सांगितलं, मी माझ्या भाषेत लावून घेतलं. कापड फाटलं की आधी ठिगळ ठेवून कच्चा टाका घालतात, मग पक्की शिलाई मारतात. रक्ताचंही तसंच आहे. नाकातली बारीक शीर फुटली की रक्तातल्या प्लेटलेट, म्हणजे रक्त थांबवणाऱ्या बारीक पेशी, तिथं जाऊन बसतात, ते ठिगळ. ते जागेवर धरून ठेवणारा कच्चा टाका म्हणजे फॉन विलेब्रांड हे प्रथिन. त्यावर पक्की शिलाई घालायला फॅक्टर आठ हे रक्त गोठवणारं दुसरं प्रथिन लागतं, आणि तो फॅक्टर आठ रक्तात सांभाळून फिरवायचं कामही हेच प्रथिन करतं. माझ्या लेकीच्या अंगात ते जवळजवळ नाहीच. म्हणून ठिगळ टिकत नाही आणि शिलाईही बसत नाही. ट्रॅनेक्सॅमिक अ‍ॅसिडची जी गोळी आम्हाला दिलीय, तिचं काम एवढंच की कशीबशी घातलेली शिलाई उसवू द्यायची नाही. नाकाच्या मधल्या पडद्यावर, अगदी पुढच्या भागात, बारीक शिरांचं जाळं असतं. मुलांचा घोळणा बहुतेक वेळा तिथूनच फुटतो. तिथली कातडी पातळ, कोरड्या हवेनं तडकते, मुलांचं बोट तिथंच जातं. म्हणजे उन्हाळ्याचा संबंध आहे, तो हवेच्या कोरडेपणाशी. आता आम्ही रोज मिठाच्या पाण्याचे थेंब आणि डॉक्टरांनी दिलेलं मलम आत लावतो, त्यानं फरक पडलाय.

रुमालांचं सांगते. नाक फुटायचं म्हणून मी तिला गडद मरून रंगाचे रुमाल शिवून दिले होते, वर्गात डाग दिसू नयेत, पोरीला लाज वाटू नये म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, किती रक्त जातं? मी म्हटलं, खूप. ते म्हणाले, खूप म्हणजे किती? मला सांगता येईना, कारण मरून रुमालावर काही कळतच नाही. नुसता ओला लागतो. तेव्हापासून पांढरे रुमाल शिवते, सुती, वीतभर चौकोनी. घरी एक रुमाल औषधाच्या टोपणानं पाणी मोजून भिजवून पाहिला. पूर्ण भिजायला 20 मिलिलिटर लागलं. आता वहीत लिहिते, अर्धा रुमाल, दोन रुमाल. दोनच्या पुढं गेला की डॉक्टरांना फोन करायचा, असं ठरलंय.

आता ते, ज्यासाठी हे पत्र आहे. घोळणा फुटला की मुलाला ताठ बसवायचं, आणि डोकं पुढं झुकवायचं. मागे कधीच नाही. नाकाचं हाड जिथं संपतं त्याच्या खालचा मऊ भाग, मुली चमकी घालतात तिथला, अंगठा आणि बोटाच्या चिमटीत दोन्ही बाजूंनी घट्ट दाबून धरायचा. बरेच जण वरचं हाड दाबतात, त्यानं काही होत नाही. तोंडानं श्वास घ्यायला सांगायचं, तोंडात आलेलं रक्त गिळू द्यायचं नाही, भांड्यात थुंकायला लावायचं. आणि घड्याळ लावून 15 मिनिटं सोडायचं नाही. मधेच बोट काढून 'थांबलं का' बघायचं नाही, बघितलं की जमलेली गाठ सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून. थांबल्यावर दिवसभर नाक शिंकरायचं नाही, गरम गरम चहा-दूध द्यायचं नाही, नाकात बोट, कापूस काही घालायचं नाही. दोनदा असं 15-15 मिनिटं धरूनही थांबलं नाही, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, थेट दवाखाना गाठायचा. आजार माहीत असलेल्या मुलाच्या बाबतीत तेवढंही थांबू नये, त्याच्या डॉक्टरांनी ठरवून दिलं असेल ते लगेच सुरू करावं.

मला हे डॉक्टरांनी तोंडी सांगितलं नाही, माझंच नाक दाबून दाखवलं. किती जोरात दाबायचं ते तेव्हा कळलं. घरी येऊन मी आत्यांना दाखवलं. त्यांना घड्याळ नीट दिसत नाही. एकदा मी शेजारी बसून वेळ लावली. तुळशीची माळ त्यांच्या चालीनं ओढली, एकशे आठ वेळा 'रामकृष्णहरी' म्हटलं, तर पावणेचार मिनिटं झाली. म्हणजे चार माळा. आता मी बाजारात असले आणि नातीचं नाक फुटलं, तर आत्या तिला उंबऱ्यात बसवतात, पुढ्यात पितळी परात ठेवतात, उजव्या हातानं नाक धरतात आणि डाव्या हातात माळ. चार माळा पुऱ्या झाल्याशिवाय बोट हलत नाही. ज्या बाईनं सहा वर्षं दूर्वांचा रस घातला तिनं वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी हे शिकून घेतलं. तेव्हा लोक ऐकत नाहीत असं कुणी म्हणू नये. आपण नीट सांगत नाही.

आपल्या त्या मजकुराच्या आठवड्यातच 17 एप्रिलला जागतिक हिमोफिलिया दिन होता आणि आतल्या पानावर एका कार्यक्रमाचा फोटोही होता. दोन्ही एकाच पेपरात असून एकमेकांना माहीत नव्हते, याचं मला वाईट वाटलं. हिमोफिलिया हाही रक्त न गोठण्याचाच आजार, त्याचं नाव लोकांच्या कानावर तरी असतं. फॉन विलेब्रांडचं नसतं, आणि खरं तर जन्मजात रक्तस्रावाच्या आजारांत जगभर सगळ्यात जास्त आढळतो तो हाच. माझ्या लेकीसारखा कडक प्रकार फार थोड्यांना असतो, नात्यातली लग्नं जिथं जास्त तिथं तो जास्त दिसतो. पण सौम्य प्रकार असलेली माणसं आपल्या आजूबाजूला असतील आणि त्यांना स्वतःला ठाऊक नसेल. त्यांच्या नेहमीच्या रक्त तपासण्या पुष्कळदा नॉर्मल येतात, वेगळी तपासणी केली तरच सापडतं.

आणि हा मुलींनाही मुलांएवढाच होतो. 1926 साली फिनलंडचे डॉक्टर एरिक फॉन विलेब्रांड यांनी हा आजार पहिल्यांदा लिहून ठेवला, तो ओलांड बेटांवरच्या फोग्लो इथल्या एका कुटुंबाचा. त्यांच्याकडे आणलेली मुलगी होती, पाच वर्षांची, योर्दिस तिचं नाव. तिच्या काही बहिणी लहानपणीच रक्त जाऊन गेल्या होत्या. योर्दिस तेराव्या वर्षी गेली, चौथ्या पाळीत. हे मला वॉर्डातल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं सांगितलं, आणि मग तिला वाटलं आपण सांगायला नको होतं. पण तिनं सांगितलं ते बरं केलं. माझी लेक दहाव्या वर्षात आहे. पाळी सुरू होईल तेव्हा काय तयारी ठेवायची, कोणत्या गोळ्या, लोह कधीपासून, कुठल्या दवाखान्यात जायचं, हे आम्ही डॉक्टरांशी आत्ताच बोलून ठेवलंय. शंभर वर्षांपूर्वी त्या आईच्या हातात काही नव्हतं. माझ्या हातात आहे, फक्त ते वेळेवर मिळायला हवं.

मिळताना काय होतं तेही लिहिते. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी आम्ही गेलो. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, त्यात रक्ताचे तीन: हिमोफिलिया, थॅलेसेमिया, सिकलसेल. फॉन विलेब्रांड हे नाव त्यात नाही. टेबलामागच्या साहेबांनी यादी दाखवली. मी म्हटलं, रक्त न थांबण्याचाच आजार आहे, हिमोफिलियासारखाच. तर म्हणाले, हिमोफिलिया मुलांना होतो, मुलींना होत नाही. कायद्यातली हिमोफिलियाची व्याख्याच तशी आहे, हा आजार बहुधा पुरुषांनाच होतो आणि बायकांकडून मुलग्यांकडे जातो, असं तिथं लिहिलंय. ज्या आजाराची पहिली रुग्ण पाच वर्षांची पोर होती, त्या आजाराच्या मुलीला मुलगी म्हणून परत पाठवायचं हे मला पटत नाही. यात त्या साहेबांशी माझं भांडण नाही. यादीत आणखी एक ओळ वाढवण्याबद्दल आहे, आणि ती आपल्या खासदारांपर्यंत पोचवायचं काम पेपर करू शकतो.

औषधाचंही असंच. तिला लागतं ते फॅक्टर आठचं असं इंजेक्शन, ज्यात फॉन विलेब्रांड प्रथिनही असतं. माणसाच्या रक्तापासून बनवलेल्या काही औषधांत ते असतं. प्रयोगशाळेत बनवलेल्या नुसत्या फॅक्टर आठमध्ये नसतं. ती बाटली हिमोफिलियाच्या मुलाला बरोबर, हिला उपयोगाची नाही. एकदा आम्ही रात्री दवाखान्यात पोचलो तर फक्त तीच बाटली शिल्लक होती. पहाटेपर्यंत रक्तपेढीतून क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे दिलेल्या रक्तातून काढलेला, हे प्रथिन असलेला भाग, येईस्तोवर मी तिचं नाक धरून बसले होते, बोटं बधिर झाली. तेव्हापासून बाटलीवरची बारीक अक्षरं मी स्वतः वाचते. मेडिकलमध्येही वाचते. एकदा ताप आला म्हणून न विचारता आणलेल्या औषधात पॅरासिटामॉलबरोबर आयब्युप्रोफेन होतं, आणि त्या रात्री तीन रुमाल भरले. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन अशा मुलांना द्यायचं नसतं, प्लेटलेटचं काम त्यानं आणखी मंदावतं. तिच्या दप्तरात, डब्याच्या पिशवीत आणि माझ्या पर्समध्ये आजाराचं नाव आणि हे दोन नकार लिहिलेलं कार्ड असतं.

माझ्या मुलीपुरतंच हे नाही. त्या वॉर्डात आमच्या शेजारच्या खाटेवर ब्लड कॅन्सरचा उपचार चाललेला सात वर्षांचा मुलगा होता. औषधांनी प्लेटलेट खाली गेल्या की त्याचं नाक वाहायचं. त्याची आई धाराशिवकडची, तिच्याही गावात आधी चार महिने उष्णताच समजत होते. पलीकडे एका मुलीच्या प्लेटलेट अंगातच मोडत होत्या. एका मुलाच्या प्लेटलेट मोजायला भरपूर होत्या, पण एकमेकांना चिकटत नव्हत्या. यकृताच्या आजारातही रक्त गोठायची ताकद कमी होते, असं तिथंच ऐकलं. नाक सगळ्यांचं सारखंच फुटतं, त्यामागचं कारण वेगवेगळं. म्हणून जुनाट आजाराचं मूल घरात असेल आणि घोळणा वरचेवर फुटायला लागला, तर तो त्या आजाराचा निरोप समजून डॉक्टरांना कळवावं. आणि मूल वरकरणी धडधाकट आहे, पण नीट दाबून धरूनही रक्त थांबत नाही, महिन्यात कितीतरी वेळा येतं, अंगावर विनाकारण डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येतं, दात पडल्यावर दिवसभर थुंकीत लाल दिसतं, घरात कुणाला बाळंतपणात किंवा पाळीत फार जायचं, तर एकदा रक्ताच्या डॉक्टरांना दाखवावं. तपासण्या सरकारी दवाखान्यात होतात, राज्यात हिमोफिलियाची डे-केअर केंद्रंही आहेत, तिथून पुढची वाट कळते.

शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची गाडी येते. 2013 पासून ही योजना आहे, चांगली आहे, माझ्या थोरल्याचा चष्मा त्यांनीच ओळखला. लेकीच्या शाळेतही ते आले होते, दात पाहिले, वजन केलं, डोळे पाहिले. त्या दिवशी तिच्या बाहीवर वाळलेलं रक्त होतं. त्यांनी एवढं विचारलं असतं, की बाळा, घोळणा फुटतो का, आणि फुटला की किती वेळ थांबत नाही, तर आमचं एक वर्ष तरी वाचलं असतं. हा एक प्रश्न त्यांनी प्रत्येक मुलाला विचारावा अशी माझी हात जोडून विनंती आहे.

माझ्या नात्यातल्या लग्नाबद्दलही लिहिते, कारण लोक विचारतात. मला आतेभावाला दिलं. आमच्या दोघांत हा दोष अर्धा अर्धा होता, दोघंही निरोगी, आणि लेकीच्या वाट्याला दोन्ही अर्धे आले. प्रत्येक मुलाच्या वेळी चारात एक अशी ती शक्यता होती. माझ्या आई-वडिलांनी विचार करून, माणसं ओळखीची म्हणून, मायेनं दिलं होतं. त्यांना दोष देऊन माझ्या लेकीच्या रक्तात काही येणार नाही. पण आता पुढच्या पिढीत नात्यात लग्न ठरवण्याआधी घरात असा आजार आहे का एवढं बघावं, हे मी माझ्या बहिणींना स्पष्ट सांगितलंय.

संपादकसाहेब, आपल्याकडून मला एवढंच हवंय. जेवढ्या जागेत ती चुकीची माहिती आली, तेवढ्याच जागेत, त्याच पानावर, एखाद्या बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घेऊन बरोबर माहिती छापावी. चार ओळी पुरतील: ताठ बसवा, पुढे झुकवा, मऊ भाग 15 मिनिटं दाबा, थांबलं नाही तर दवाखाना. सोबत नाक कुठं दाबायचं त्याचं साधं चित्र असलं तर फारच उत्तम. ज्यांना वाचता येत नाही त्यांनाही कळेल.

जूनच्या मध्याला शाळा उघडतात. यंदा माझ्याकडे 140 युनिफॉर्म शिवायला आलेत, पाच शाळांचे. आपण ते 10 जूनच्या आत छापलंत, तर त्याच्या झेरॉक्स काढून प्रत्येक गणवेशाच्या पिशवीत एकेक घालीन. झेरॉक्सचे पैसे माझे.

नाव छापू नये. लेकीला वर्गात तिच्या नावानं हाक मारतात, तेच राहू दे.

आपली नम्र,
एक आई
बार्शी, जि. सोलापूर